पिवळ्या पानापासून बुडापर्यंत : परसातल्या संत्र्याचा डिंक्या रोग

पावसाळा उतरता उतरता घरामागच्या संत्र्याची पानं पिवळी पडायला लागली, तेव्हा सल्ले भरपूर मिळाले. कुणी म्हणालं लोह कमी पडलंय. कुणी म्हणालं मूठभर युरिया टाका. कुणी म्हणालं, आता त्याचं वय झालं, काढून टाका आणि दुसरं लावा. झाड सासूबाईंच्या हातचं, नागपुरी संत्र्याचं, आंबिया बहराला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याला, चांगलं धरणारं. काढायचा प्रश्नच नव्हता. पण खत किंवा औषध घालण्याआधी नेमकं काय झालंय ते कळलं पाहिजे, यावर मी अडून बसले.

पिवळी पानं सगळी सारखी नसतात. नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं सबंध फिकी होतात, कारण झाड त्यांच्यातलं नत्र काढून नव्या पालवीला पुरवतं. लोह कमी पडलं तर कोवळी पानं पिवळी होतात आणि त्यांच्यावर हिरव्या शिरांचं बारीक जाळं उठून दिसतं. जस्ताच्या कमतरतेतही शिरांलगतचा भाग हिरवा राहतो, मधे पिवळे पट्टे येतात आणि पानं लहान, अरुंद निघतात. आमच्या अमरावतीकडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत ही दोन्ही दुखणी संत्र्याला नेहमीची, म्हणून शेजाऱ्यांचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. मी मूठभर पानं तोडून मागच्या पायरीवर मांडली आणि एकेक उन्हाकडे धरून पाहिलं. प्रत्येक पानाची मधली शीर पिवळी होती, तिला फुटलेल्या शिराही पिवळ्या, आणि मधला भाग मात्र अजून हिरवट. म्हणजे लोह-जस्ताच्या कमतरतेत दिसतं त्याच्या बरोब्बर उलट.

शीर आधी पिवळी पडते तेव्हा संशय खोडाच्या सालीवर किंवा मुळांवर घ्यायचा. पानात तयार झालेलं अन्न सालीतून खाली मुळांकडे जातं. ती वाटच बंद झाली की अन्न पानात तुंबतं आणि शिरा पिवळ्या पडू लागतात. आणखी दोन गोष्टी याच दिशेनं बोट दाखवत होत्या. एक म्हणजे पिवळेपणा झाडभर नव्हता, न्हाणीघराकडच्या बाजूलाच होता. दुसरं, त्याच बाजूच्या फांद्यांचे शेंडे वाळत होते आणि तरीही त्यांच्यावर अवेळी फुलं आली होती. संकटात सापडलेलं झाड अशी फुलं काढतं. घरातले म्हणाले, बघ, फुलतंय म्हणजे सुधारतंय. मला ती फुलं पाहून जास्तच काळजी वाटली.

पानं घेऊन एका कृषी सेवा केंद्रात गेले. काउंटरवरच्या माणसानं पानं हातातही न घेता तीन बाटल्या समोर ठेवल्या : एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक आणि एक ‘टॉनिक’. तिन्ही एकत्र करून फवारा म्हणाला. कीटकनाशकाच्या बाटलीवर लाल त्रिकोण होता, म्हणजे अतिविषारी गटातलं. आपल्याकडे हे त्रिकोण लाल, पिवळा, निळा, हिरवा अशा उतरत्या क्रमानं असतात आणि विकत घेण्याआधी ते पाहण्याची सवय प्रत्येकाला हवी. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आम्ही फार जवळून ऐकलं आहे. परसात पोरं खेळतात, कपडे वाळत असतात. कोणत्या किडीसाठी फवारायचं हेच ठाऊक नसताना लाल त्रिकोणाची बाटली घरात आणणं मला पटलं नाही. रिकाम्या हातानं परत आले.

मग वरूडला मामांना फोन लावला. त्यांचा सगळा जन्म संत्र्याच्या बागेत गेला आहे. मी पानांचं वर्णन सुरू केलं तर त्यांनी मधेच थांबवलं. “पानाईकडे काय पाहून राह्यली वं पोरी, बुडाकडे पाह्य पह्यले. डोया कुठी हाये त्याचा? मातीत गेला का वर हाये?”

डोळा म्हणजे कलमाचा जोड. नागपुरी संत्रा बहुधा जंबेरी नाहीतर रंगपूर लाइम या लिंबाच्या जातींच्या खुंटावर, म्हणजे मुळं पुरवणाऱ्या खालच्या रोपावर, डोळा भरून तयार करतात. खुंट मातीतलं सोसतो, वरचं संत्र्याचं खोड तितकं सोसत नाही. म्हणून डोळा जमिनीपासून चांगला नऊ इंच वर असावा आणि कायम कोरडा, उघडा राहावा. मी परसात जाऊन पाहिलं तर डोळा कुठे दिसेचना. उन्हाळ्यात न्हाणीघराची पाइपलाइन बदलताना गड्यांनी खणलेली माती झाडाच्या बुडाशी लोटून दिली होती आणि पावसानं ती घट्ट बसली होती. शिवाय नवीन पाइपाचं तोंड असं आलं होतं की धुण्याचं पाणी उताराला लागून नेमकं त्या मातीत जिरत होतं.

खुरप्यानं माती हलक्या हातानं बाजूला करत गेले. चार बोटं खाली साल काळपट, ओलसर लागली. नखानं दाबली तर आत गेली आणि आंबूस वास आला. आणखी खाली कलमाचा जोड सापडला. त्याच्या थोडं वर सालीला उभ्या चिरा पडल्या होत्या आणि एका चिरेत मधाच्या रंगाचा, वाळलेला डिंकाचा थेंब चिकटून होता. एवढाच पुरावा. डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे भर पावसाळ्यात तो धुऊन जातो आणि रोग असूनही दिसत नाही. संत्र्याच्या बागांत उन्हाळ्यात नाहीतर पाऊस ओसरल्यावर बुंधे तपासतात ते याचसाठी.

मुळंही पाहिली. झाडाच्या सावलीच्या कडेला वीतभर खणून बारीक तंतुमुळं काढली. निरोगी तंतुमूळ पिवळसर पांढरं आणि ताठ असतं. न्हाणीघराकडची मुळं तपकिरी, लिबलिबीत निघाली. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल बाहीसारखी सुटून हातात आली आणि आतला पांढरा दोरा तेवढा मातीत राहिला. दुसऱ्या बाजूला खणलं, तिथली मुळं धडधाकट होती. त्या क्षणी खात्री पटली. हा डिंक्या. संत्रा-मोसंबी-लिंबाच्या झाडांना फायटोफ्थोरा नावाच्या मातीतल्या सूक्ष्म जिवामुळे होतो तो. विदर्भातल्या किती बागा यानं गेल्या असतील, सांगता येत नाही.

फायटोफ्थोराला आपण बुरशी म्हणतो, पण ती खऱ्या बुरशीच्या कुळातली नाही. तिचे बीजाणू शेपटीच्या साहाय्यानं पाण्यात पोहतात. साचलेलं पाणी ही तिची वाट आणि मातीनं झाकलेली ओली साल हे तिचं घर. म्हणून कुठलंही औषध आणण्याआधी पाणी तोडणं हा पहिला उपचार होता. प्लंबरला बोलावून पाइप वळवून घेतला. बुडाची माती मोठ्या मुळांच्या सुरुवातीपर्यंत काढली. मामांनी सांगितल्याप्रमाणे दुहेरी आळं केलं : बुंध्याभोवती आतलं छोटं, उंचवट्याचं आळं कायम कोरडं, आणि पाणी बाहेरच्या मोठ्या आळ्यात. झाडाला पाणी लागतं ते पिणाऱ्या मुळांशी, आणि ती मुळं फांद्यांच्या कडेखाली असतात. बुंध्यावर ओतलेल्या पाण्याचा झाडाला काही उपयोग नसतो.

मग साल. धारदार चाकू डेटॉलनं पुसून घेतला आणि सडलेली साल खरवडायला लागले. हे काम घाईचं नाही. तपकिरी भाग संपून हिरवट-पांढरी, घट्ट साल लागेपर्यंत जायचं आणि तिथेच थांबायचं. निरोगी सालीत बोटभरही उगाच शिरायचं नाही, पण रोगट काठ मागे ठेवायचा नाही, कारण तो तिथून पुन्हा पसरतो. खरवडून झालं तेव्हा बुंध्याच्या घेराचा साधारण तिसरा हिस्सा उघडा पडला होता. मामा म्हणाले, अर्ध्याहून जास्त गेला असता तर वाचवायला फार जड गेलं असतं. निघालेले कपटे कागदावर गोळा करून जाळले, मातीत पडू दिले नाहीत. जखम एक टक्का पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानं, म्हणजे लिटरला १० ग्रॅम, धुतली आणि सुकू दिली.

जखमेवर लावायचा लेप, म्हणजे बोर्डोपेस्ट, मी घरीच केली, आणि प्रत्येकानं एकदा तरी करून पाहावी असं मला मनापासून वाटतं. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. मोरचूद कुटून अर्ध्या लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवायचं. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं चालत नाही, कारण तांबं त्याच्यावरच बसतं. चुना दुसऱ्या बादलीत विझवायचा. तो चांगलाच तापतो, चेहरा लांब ठेवायचा, गार होऊ द्यायचा आणि गाळून घ्यायचा. मग मोरचुदाचं निळं पाणी चुन्यात ओतत काठीनं ढवळत राहायचं. दोन्ही मिळतात तसा सुरेख आकाशी रंग येतो. चुना पुरेसा आहे का ते पाहायला घासलेला लोखंडी खिळा त्यात जरा वेळ बुडवून काढायचा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय, झाडाची साल भाजेल. आणखी चुना घालायचा आणि पुन्हा खिळा बुडवायचा. माझ्या पहिल्या खिळ्यावर फिकट तांबूस झाक आली, थोडा चुना वाढवल्यावर खिळा स्वच्छ निघाला. हे मिश्रण मूळचं फ्रान्सच्या बोर्डो भागातलं. द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८५ मध्ये ते पुढे आणलं. इतक्या वर्षांनी अमरावतीच्या परसात तेच मोरचूद आणि तोच चुना कामी येतो, याचा मला खरंच आनंद झाला. पेस्ट त्याच दिवशी संपवायची, उरलेली ठेवून उपयोग नसतो. जखमेवर आणि बुंध्यावर तीन फुटांपर्यंत ब्रशनं लावली.

मुळांसाठी मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं मिश्र बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात, झाडाच्या घेराखालच्या ओलसर मातीत ओतलं. हातमोजे घातले, तोंडाला रुमाल बांधला, पोरांना आजीकडे पाठवलं. महिना-सव्वा महिन्यानं तेच पुन्हा केलं. त्यानंतर बरेच आठवडे जाऊ दिले आणि मगच शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून दिलं. ही दोन्ही एकाच वेळी घालायची नाहीत. ट्रायकोडर्मा रोगाच्या बुरशींना मारते, पण ती स्वतःच एक बुरशी आहे, बुरशीनाशकात ती कशी जगणार? वाळलेले शेंडे हिरव्या लाकडापर्यंत छाटले, छाट्यांना पेस्ट लावली, आणि त्या बाजूची सगळी फुलं-फळं तोडून टाकली. हे सर्वांत जिवावर आलं. पण अर्ध्या मुळांवर उभ्या असलेल्या झाडाकडून फळं मागायची नाहीत. युरिया तर दिलाच नाही. मूळच कुजलेलं असताना खत कोण उचलणार?

संत्र्याच्या पायी रोज परसात बसायला लागल्यावर बाकीच्या झाडांकडेही नीट पाहणं झालं. कुंपणाच्या लाल जास्वंदीचे शेंडे आखडून गुच्छासारखे झाले होते आणि खालची पानं काजळी धरल्यासारखी काळी पडली होती. काळं पान दिसलं की करपा म्हणायची घाई होते. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे : ओल्या कापसानं पान पुसायचं. डाग रोगाचा असेल तर जात नाही. इथे कापूस काळा झाला आणि खालून हिरवंगार पान निघालं. म्हणजे ही नुसती वर वाढलेली काळी बुरशी, आणि ती वाढते चिकट गोड पाण्यावर. ते पाणी कोण टाकतंय ते पाहायला वर बघायचं. वर बघितलं तर आखडलेल्या शेंड्यात कापसासारखे पुंजके, पिठ्या ढेकणाचे. संत्र्याच्या बागांत काळ्या माशीमुळे येणारी कोळशी हीच गोष्ट आहे : काळेपणा पानावर दिसतो, पण त्याचं कारण रस शोषणारी कीड असते.

पण खरा माग मुंग्यांनी दिला. भिंतीच्या भेगेतून त्यांची रांग सरळ जास्वंदीवर चढत होती. मुंग्या तो गोड पाझर खातात आणि बदल्यात पिठ्या ढेकणाची राखण करतात, त्याला खाणाऱ्या किडींना हुसकावून लावतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट अडवली. बुडाशी कागदी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावलं. ग्रीस थेट सालीवर लावायचं नाही. भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटल्या, नाहीतर पट्टीला वळसा घालून मुंग्या तिथून येतात. आखडलेले शेंडे कापून तिथल्या तिथे साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकले. हातात धरून बागभर फिरवले असते तर पिल्लं सगळीकडे सांडली असती. उरलेल्या झाडावर संध्याकाळी निंबोळी तेल लिटरला पाच मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात फेसून, पानांच्या खालून फवारलं. पिठ्या ढेकणाची अंडी कापसाच्या पिशवीत सुरक्षित असतात, तिथे फवारा पोचत नाही. त्यामुळे आठवड्यानं पुन्हा फवारावं लागतं.

दुसऱ्या फवारणीसाठी पंप भरून गेले आणि थांबले. एका फांदीवर पिठ्या ढेकणासारखंच पांढरं, पण मोठं, अंगावर मेणाच्या लांब झिपऱ्या असलेलं काहीतरी चांगल्या वेगानं चाललं होतं. पिठ्या ढेकूण इतका पळत नाही. भिंग लावून पाहिलं तर ते पिठ्या ढेकणाच्या पुंजक्यात तोंड खुपसून खात होतं. ती क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी होती. हा किडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आपल्या देशात तो १८९८ साली आणला गेला आणि आज द्राक्ष बागायतदार तो प्रयोगशाळांतून विकत घेऊन बागेत सोडतात. अळी भक्ष्यासारखीच दिसते, म्हणून कितीतरी लोक तिला मोठा पिठ्या ढेकूण समजून चिरडतात. मी पंप परत नेऊन रिकामा केला. पुढे त्या झुडपावर काळसर पाठीचे, नारिंगी डोक्याचे प्रौढ ढालकिडेही दिसले आणि जास्वंदीला नवे सरळ शेंडे आले.

पपईवरच्या पिठ्या ढेकणाचं उदाहरण मोठं बोलकं आहे. ही परदेशी कीड २००८ मध्ये कोइमतूरला आढळली आणि पाहता पाहता महाराष्ट्रापर्यंत पसरली. फवारण्यांनी ती आटोक्यात येईना. २०१० मध्ये पोर्तोरिकोहून तिच्या अंगात अंडी घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या आणून सोडल्या, तेव्हा ती ओसरली. म्हणून परसात मित्रकीटक आपण होऊन आला असेल तर त्याला काम करू द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

पेरूच्या खोडावर फांदीच्या बेचक्यात लाकडाच्या भुशाचं आणि विष्ठेचं तपकिरी जाळं होतं. ही साल खाणारी अळी, इंदरबेला. दिवसा भोकात लपते, रात्री जाळ्याखालून येऊन साल खाते. जाळं ब्रशनं झाडलं, भोकात तार खुपसली, रॉकेलचा बोळा आत ढकलला आणि चिखलानं तोंड बुजवलं. चार दिवसांनी ताजा भुसा दिसला नाही, विषय संपला. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या होत्या. त्याच पुढे हिरव्या होतात आणि त्यांना हात लावला की डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग काढून उग्र वास सोडतात. ती लिंबावरच्या फुलपाखराची पिल्लं. कढीपत्ता पुरुषभर उंच आहे, त्याला त्या परवडतात. मी त्यांना हात लावला नाही. लिंबाच्या लहान रोपावर असत्या तर मात्र वेचल्या असत्या, कारण तिथे त्या पान शिल्लक ठेवत नाहीत.

संत्र्याला माघात नवी पालवी आली. न्हाणीघराच्या बाजूलाही आली, विरळ पण निरोगी, आणि पानाची मधली शीर हिरवी होती. जखमेच्या कडांनी नव्या सालीचा जाडसर काठ आत सरकू लागला आहे. एक मोठी फांदी मात्र गेलीच, ती करवतीनं काढली. बोर्डोपेस्ट आता वर्षातून दोनदा लावते, मृगाच्या पावसाआधी आणि पावसाळा संपल्यावर. फायटोफ्थोरा मातीत वर्षानुवर्षं टिकून राहते, त्यामुळे हे काम यापुढे सुटणार नाही. यंदा मामा एक दुसरं रोप देणार आहेत, रंगपूर लाइमच्या खुंटावरचं, कारण तो जंबेरीपेक्षा डिंक्याला जास्त तग धरतो. जागा मी उताराच्या वरच्या अंगाला नक्की केली आहे. खड्ड्यातली माती पावसात खाली बसते, म्हणून रोप थोडं उंचवट्यावरच लावायचं, डोळा जमिनीच्या वर नीट दिसला पाहिजे.